व्हायरस मरतो त्या ऑटोक्लेव्हमध्ये प्रायॉन कसा टिकतो?

मायक्रो_तिसरंवर्ष
१२१ अंश, १५ मिनिटं. एवढ्यात पोलिओ, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी सगळे निकालात निघतात. मग सीजेडीचा (क्रॉइट्झफेल्ट-याकोब, प्रायॉनमुळे होणारा मेंदूचा जीवघेणा आजार) संशय असलेल्या रुग्णाच्या मेंदूला लागलेली उपकरणं बाजूला का काढायची? प्रायॉन म्हणजे जास्त चिवट व्हायरस, असं धरलं तर चालेल?

खडूफळा
नाही. व्हायरसकडे डीएनए किंवा आरएनए असतो, त्याच्या जोरावर तो पेशीला राबवून आपल्या प्रती काढून घेतो. प्रायॉनकडे ते काहीच नाही. पीआरपी हे आपल्याच पेशींचं प्रथिन, जनुक २० क्रमांकाच्या गुणसूत्रावर. त्याची घडी चुकलेला रेणू म्हणजेच प्रायॉन; तो शेजारच्या धड रेणूलाही तशीच घडी घालायला लावतो. अमिनो आम्लांचा क्रम तोच, फक्त बीटा शीट (प्रथिनाच्या साखळीच्या सपाट घड्या) वाढलेल्या.

अतिनील किरणं डीएनए-आरएनए बिघडवतात, इथे ते नाहीच, म्हणून त्यांचा मारा वाया जातो. स्क्रेपीबाबत (मेंढ्यांचा प्रायॉन आजार) संशोधक टिक्वा अल्पर यांनी हे १९६७ सालीच दाखवलं होतं. डीएनए-आरएनए हुडकणाऱ्या पीसीआर चाचणीला शोधायला काही नसतं. प्रथिन घरचंच, त्यामुळे अँटीबॉडीही तयार होत नाहीत. आरटी-क्विक चाचणी चालते, कारण ती चुकीची घडी पसरण्याचाच वेग मोजते.

सीएसएसडी_ड्यूटी
कामाचं सांगतो. अल्कोहोल, ग्लुटारल्डिहाइड, फॉर्मॅलिन, इथिलीन ऑक्साइड यांच्यावर विसंबू नका. झुरिकमध्ये अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ केलेल्या, मेंदूत घालायच्या ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या) इलेक्ट्रोडमधून दोन रुग्णांना सीजेडी झाला. ते प्रकरण १९७७ साली प्रसिद्ध झालं.

जाळता येईल ते जाळा. बाकीची उपकरणं वाळू देऊ नका, निम्मा घोटाळा इथेच होतो: वाळलेल्या ऊतीतला प्रायॉन उष्णतेलाही दाद देत नाही. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (लिटरला ४० ग्रॅम) मध्ये बुडवून ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ३० मिनिटं, मग घासणं, धुणं, नेहमीची सायकल. झाकण असं हवं की थेंब परत भांड्यातच पडतील, नाहीतर हे कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ऑटोक्लेव्हचं चेंबर खातं. ॲल्युमिनियम त्यात टाकू नका.

दुसरा मार्ग २०,००० पीपीएम (दशलक्ष भागांत २०,००० भाग) क्लोरीनचं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १ तास. ४ टक्क्यांच्या हायपोत तेवढंच पाणी घाला, पण ताजं हवं. जुन्या कॅनमधलं क्लोरीन उडालेलं असतं. स्टीलला गंज चढतो, आणि नीट न धुता ऑटोक्लेव्हमध्ये टाकलंत तर क्लोरीन वायू सुटेल. १३४ अंश, १८ मिनिटं हा पर्याय ऐकाल, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

मायक्रो_तिसरंवर्ष
मग फॉर्मॅलिनमधले मेंदूचे तुकडे?

खडूफळा
तेही संसर्गजन्यच. फॉर्मॅलिन प्रायॉनला उलट घट्ट करतं. ४–५ मिलिमीटर जाडीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरले की ९६ टक्के फॉर्मिक आम्लात १ तास, मग ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ४८ तास, त्यानंतरच पातळ काप काढण्यासाठी पॅराफिन मेणात बसवायचे. वापरलेलं फॉर्मॅलिन सिंकमध्ये ओतायचं नाही.