मदत हवी आहे : नव्या लॅपटॉपला बोट लागलं की झिणझिण्या, आणि आजीच्या कॅसेटमध्ये घूंऽऽ (गिरगाव, जुनी चाळ)

नमस्कार मंडळी,

प्रश्न विजेचा आहे, पण सांगायला सुरुवात कॅसेटपासून करतो, म्हणजे माझी घाई तुमच्या लक्षात येईल.

१९८६ सालच्या मे महिन्यात बाबा राजापूरकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर बरोबर घेऊन गेले होते. पहाटे आजी दळायला बसली आणि बाबांनी रेकॉर्डर जात्याजवळ ठेवून बटण दाबलं. सी-६० ची, म्हणजे तासाभराची, एक कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आजीच्या ओव्या, मधूनच काकूचा आवाज, आणि सगळ्याच्या खाली जात्याची घरघर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आज जगासमोर आहेत. पण माझ्या आजीचा आवाज ह्या एका प्लास्टिकच्या डबीत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. चाळीतल्या प्रत्येक पावसाळ्यात त्या डबीवर पांढरी बुरशी धरते, मी पुसतो, पुन्हा धरते. या वर्षी ठरवलं की आता कॉम्प्युटरवर उतरवूनच घ्यायची.

मला नव्या वस्तूंची मनापासून आवड आहे. खोकं उघडताना येणारा तो वास, पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर येणारा उजेड, या गोष्टींचा आनंद मला शाळेत असल्यापासून आहे. या कामासाठी गेल्या दोन महिन्यांत जमवलेलं सामान असं : ॲल्युमिनियमच्या अंगाचा १४ इंची लॅपटॉप, ६५ वॅटचा गॅलियम नायट्राइडवाला छोटा चार्जर, लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी) आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. कॅसेट वाजवायचा डेक मात्र घरातलाच, जुना. त्याचा बेल्ट वितळून डांबरासारखा झाला होता. लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं फिरल्यावर मापाचा बेल्ट मिळाला. चिकटलेलं सगळं काळं खरवडून काढलं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि आधी एक फालतू कॅसेट लावून टेप गुंडाळत नाही ना ते पाहिलं.

लॅपटॉप फार सुंदर आहे. पंख्याचा आवाज नाही, वजन हाताला जाणवत नाही, पडद्यावर देवनागरी अक्षरं छापल्यासारखी दिसतात. पण पहिल्याच रात्री चार्जर लावून बसलो आणि मनगट कडेला टेकलं, तर मुंगी चावल्यासारखं झालं. तळवा घट्ट दाबून ठेवला तर काही नाही. बोटाचं टोक अगदी हलकं, पिसासारखं फिरवलं की धातू खडबडीत लागतो, जणू खाली काहीतरी थरथरतंय. चार्जर काढला की तोच धातू काचेसारखा गुळगुळीत. मुलीला बोट फिरवायला लावलं, तिलाही तसंच लागलं, तेव्हा हा माझ्या मनाचा खेळ नाही याची खात्री पटली.

मग डेक, इंटरफेस, लॅपटॉप असं सगळं जोडलं, हेडफोन घातले, आणि कॅसेट सुरू होण्याआधीच कानात घूंऽऽ. तरंगांचा आलेख पाहिला तर ५० हर्ट्झवर उंच शेंडा, मग १००, १५०, असे ओळीने. म्हणजे सरळसरळ घरातली वीज. डेकच्या पत्र्याला हात लावला की आवाज बदलतो, काढला की परत पहिल्यासारखा.

वायरमनला बोलावलं. त्याने स्विचबोर्ड उघडून दाखवला. तीन भोकांचा सॉकेट आहे, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. लाल आणि काळी, दोनच. हिरवीचा, म्हणजे अर्थिंगच्या वायरचा, पत्ता नाही. आमची पागडीची चाळ आहे, तिसरा मजला, लाकडी जिना, वायरिंग माझ्या जन्माच्या आधीचं. सॉकेट कधीतरी बदलले गेले, म्हणून दिसायला सगळं नवं. एवढी वर्षं याच भोकांत आम्ही फ्रिजचा आणि इस्त्रीचा प्लग घालत आलो.

मी वाचून जे समजून घेतलं ते असं (चूक असेल तर सांगा). अशा चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी कमी दाबाची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, वाय कपॅसिटर म्हणतात. चार्जरच्या आतल्या वेगवान स्विचिंगचा कचरा बाहेर पडू नये म्हणून तो लागतो. त्यातून अगदी बारीक करंट झिरपत राहतो आणि लॅपटॉपचं अंग अधांतरी राहिल्यामुळे त्यावर दाब चढतो. मी मल्टिमीटरने लॅपटॉपचं अंग आणि नळाचा पाइप यांच्यामध्ये मोजलं तेव्हा ९० व्होल्टच्या पुढे आकडा आला. तोच मीटर करंटवर लावला तर ०.१ मिलिॲम्पिअरपेक्षाही कमी. जिवाला धोका नाही, पण बोटाच्या टोकाला कळतं, आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट मिळाली की आजीच्या आवाजात मिसळतं.

माझा चार्जर दोन पिनांचा आहे. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्याला अर्थची वायर लागतच नाही. म्हणून लॅपटॉपसोबत आलेला तीन पिनांचा चार्जर लावून पाहिला. झिणझिण्या कमी होण्याऐवजी वाढल्या! तीन पिनांच्या चार्जरमधला फिल्टर झिरपणारा करंट अर्थच्या पिनेकडे ढकलतो, आणि आमच्याकडे त्या पिनेच्या मागे जायला जागाच नाही.

यापुढचं मला जास्त लागलं. एक्स्टेन्शन बोर्डमध्ये सगळ्या सॉकेटांची अर्थची भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. मागे खरं अर्थिंग असेल तर ते बरोबरच आहे. नसेल, तर त्या बोर्डवर लावलेल्या इस्त्रीत उद्या फेज पत्र्याला टेकली की ती तीन पिनांच्या चार्जरमधून माझ्या लॅपटॉपच्या अंगावरही येऊ शकते, आणि लॅपटॉपवर माझी मुलगी अभ्यास करते. हे कळल्यापासून इस्त्री आणि लॅपटॉप एका बोर्डवर लावायचं बंद केलंय.

वायरमनने दोन उपाय सुचवले. एक, अर्थची वायर नळाच्या पाइपला बांधायची. दोन, सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकायचं. चाळीत पुष्कळ घरी असंच केलंय म्हणाला. मी दोन्हीला नाही म्हटलं. पाइपला बांधलं आणि माझ्याकडे काही बिघडलं तर खालच्या मजल्यावर नळाखाली हात धुणाऱ्या माणसाला शॉक बसेल. शिवाय मधला तुकडा प्लास्टिकचा घातला असेल तर ती वायर जमिनीपर्यंत पोचतच नाही. आणि न्यूट्रलला जोडलं तर ज्या दिवशी कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिजच्या दारासकट सगळ्या पत्र्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. इथे कोणी वाचत असेल आणि घरात असं केलेलं असेल, तर कृपा करून आधी ते काढून घ्या.

आता प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला स्वतःपुरतं अर्थिंग आणता येतं का, आणि जुन्या चाळीत कोणी आणलंय का? खड्डा कुठे घेतला, मालकाला कसं पटवलं? तोपर्यंत घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली तर अर्थ नसतानाही ती उपयोगी पडते का? आणि घूंऽऽ चं काय करायचं? सॉफ्टवेअरने आवाज साफ करायला गेलो तर जात्याची घरघरही निघून जाते. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच वाटतात. ५० हर्ट्झच्या शेंड्या एकेक करून कापल्या तरी घरघर पोकळ होते. आजी वैरण (दाण्यांची मूठ) घालते तेव्हा जातं क्षणभर जड होतं, आवाज खाली उतरतो आणि मग पुन्हा मोकळा होतो. ते मला पुसायचं नाही. ओवीची चाल त्याच्यावरच बसलेली आहे.

---

भर, चार दिवसांनी :

इतक्या जणांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. ज्यांनी "आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा" असं लिहिलं त्यांचे विशेष. मी चार्जर बदलत बसलो आणि हे सुचलंच नाही. चार्जर काढला, वायफाय बंद केलं, डेक दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला. घूंऽऽ जवळजवळ गेलं. उरलेलं घालवायला एका प्रतिसादात सुचवल्याप्रमाणे डेक आणि इंटरफेसच्या मध्ये एकास एकचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. लॅमिंग्टन रोडलाच मिळाला, काडेपेटीएवढी डबी. त्यात आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याची सलग वाट राहत नाही. आता कॅसेट थांबवली की हेडफोनमध्ये फक्त टेपची सळसळ. आलेखावर ५० हर्ट्झला काही दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

आरसीसीबीबद्दल ज्यांनी समजावलंत ते पटलं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती ताडून बघते, फरक पडला की तोडते, म्हणून अर्थ नसतानाही माणसाच्या अंगातून करंट गेला तर ती काम करते. फक्त अर्थ असता तर पत्र्यावर फेज येताक्षणी तुटली असती, आता कोणीतरी हात लावेपर्यंत थांबेल. बसवून घेतली. टेस्टचं बटण दाबून पाहिलं, खटकन पडली. आई दचकली, पण तिलाही समजावून सांगितलं की महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं.

अर्थिंगचं म्हणाल तर एकाच्या सांगण्यावरून तळमजल्यावर मीटरच्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथे मीटरच्या पाटीवर अर्थची पट्टी आहे! तिथून वर कोणी वायरच ओढलेली नाही. परवाना असलेल्या कंत्राटदाराला दाखवलं, त्याने आधी त्या अर्थचा रोध मोजायला हवा असं सांगितलं. तो ठीक निघाला तर जिन्याच्या कडेने पाइपातून तांब्याची हिरवी वायर वर आणता येईल, आणि प्रत्येक मजल्यावर फाटा ठेवला तर सगळ्यांचं काम एकदम होईल. मी आमच्या मजल्यावर बोललो. समोरच्या मावशी म्हणाल्या, वॉशिंग मशिन पावसाळ्यात चावतं, आम्हाला वाटायचं मशिनच खराब आहे. त्यांनी पैसे द्यायचं कबूल केलंय, आणखी दोन घरं विचार करतायत. रविवारी मालकांकडे जायचंय. कोणाकडे अशा कामाचा लेखी अर्जाचा नमुना असेल तर कृपया द्या.

---

आणखी एक प्रश्न, याच धाग्यात विचारतो :

पहिली बाजू ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून झाली. बाबांना हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाले, "ही आई नाही. आईचा आवाज याच्या खाली होता."

आधी मला डेकची शंका आली, पण विकत आणलेल्या संगीताच्या कॅसेट बरोबर सुरात वाजतात. मग लक्षात आलं. गावातल्या घरी तेव्हा वीज नव्हती, रेकॉर्डर सेलवर होता, आणि सेल उतरत चालले की टेप सावकाश फिरते. सावकाश भरलेली टेप माझ्या डेकवर ठरलेल्या वेगाने, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने, फिरते तेव्हा आवाज चढा आणि घाईचा होतो. तेही सारखं नाही. बाजूच्या सुरुवातीला थोडं, शेवटाकडे जास्त, कारण अर्ध्या तासात सेल आणखी उतरले. काही जण जुन्या रेकॉर्डिंगमधली ५० हर्ट्झची घूंऽऽ शोधून तिच्यावरून मूळ वेग काढतात. इथे ती सापडणारच नाही. गावच्या त्या पहाटेत वीजच नव्हती.

सध्या बाबांना शेजारी बसवून कानाने लावतोय. पहिल्या पाच मिनिटांचा वेग चार टक्के कमी केला तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता माझा हात धरला. पण शेवटची दहा मिनिटं त्यांनाही ठरवता येत नाहीत, आणि ते थकतात. वेग टप्प्याटप्प्याने न बदलता सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू उतरता ठेवायची सोय असलेलं, आणि सुरातही खळगे न पाडणारं सॉफ्टवेअर कोणी वापरलंय का? सुरुवातीला चार आणि शेवटाला साधारण नऊ टक्के असा माझा अंदाज आहे. दुसरी बाजू अजून लावलेली नाही. ती तुमचं उत्तर आल्यावरच लावतो.