मदत हवी आहे: एसएसएच की असूनही सर्व्हर पासवर्डच मागतोय

डिपार्टमेंटच्या सामायिक सर्व्हरवर (रॉकी लिनक्स) आम्हा बऱ्याच जणांची खाती आहेत. माझं कीने लॉगिन (एसएसएचने दूरच्या मशीनवर जाताना पासवर्डऐवजी लॅपटॉपवरची की-फाइल वापरणं) इतके महिने बिनबोभाट चालू होतं, सोमवारपासून पासवर्ड विचारतोय. पासवर्ड टाकला की आत जाता येतं, पण रात्रीची आरसिंकची (फाइली एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करणारी) स्क्रिप्ट पासवर्ड कुठून टाकणार? ती अडकून पडते.

लॅपटॉपवर प्रायव्हेट की ६००, सर्व्हरवर एसएसएच फोल्डर ७०० आणि ऑथोराइज्ड कीजची फाइल (कोणत्या की चालतील त्याची यादी) ६००, म्हणजे परवानगी फक्त मालकालाच. हीच की दुसऱ्या सर्व्हरवर चालते. बाकीच्यांना या सर्व्हरवर काही त्रास नाही. एसएसएच कमांडला -व्ही (तपशील दाखव) लावून पाहिलं, तर 'ऑफरिंग पब्लिक की' येतं आणि लगेच 'नेक्स्ट ऑथेंटिकेशन मेथड: पासवर्ड'. मध्ये कारण काहीच नाही. ॲडमिन रजेवर आहेत. नवीन की बनवा असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

गप्प_टर्मिनल: की ठीक आहे, सर्व्हर ती नाकारतोय. होम डिरेक्टरीवर (तुमच्या खात्याचं मुख्य फोल्डर) एलएस -एलडी चालवा, परवानग्या दिसतील. ग्रुपच्या तीन अक्षरांत डब्ल्यू (लिहिण्याची परवानगी) आहे का? रॉकीवर एसईलिनक्सचं (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) फाइलवरचं लेबल बिघडूनही असं होतं, पण आधी हे बघा.

धागाकर्ता: आहे! ७७५ दिसतंय, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येतं. प्रोजेक्टच्या बाकीच्यांना डेटा टाकता यावा म्हणून सीनियरने गेल्या आठवड्यात परवानगी बदलायला लावली होती. पण एसएसएच फोल्डर तर ७००च आहे ना?

गप्प_टर्मिनल: त्याने भागत नाही. वरच्या डिरेक्टरीत लिहिता येणारा माणूस तुमच्या एसएसएच फोल्डरचं नाव बदलून तिथे स्वतःचं ठेवायचा प्रयत्न करू शकतो, आत स्वतःची की घालून. म्हणून स्ट्रिक्टमोड्स (परवानग्या कडक तपासायची एसएसएच सर्व्हरची सेटिंग) चालू असेल (मुळात चालूच असतं) तर सर्व्हर होमपर्यंतचा सगळा रस्ता तपासतो. कारण फक्त व्हार लॉगमधल्या सिक्युअर फाइलमध्ये लिहितो, ती रूटलाच (सर्व अधिकार असलेलं ॲडमिनचं खातं) वाचता येते. बाहेरच्याला न सांगणंच बरोबर आहे, पण आपल्यासारख्यांचं डोकं उठतं हे खरं. सीएचमॉड जी-डब्ल्यू होमवर चालवा, ग्रुपची लिहिण्याची परवानगी निघेल.

धागाकर्ता: चाललं! स्क्रिप्ट हाताने चालवली, पासवर्ड मागितला नाही. मग डेटा कुठे ठेवायचा?

गप्प_टर्मिनल: होमच्या बाहेर. ॲडमिन आले की प्रोजेक्टच्या ग्रुपचं वेगळं फोल्डर मागा, परवानगी २७७०. पुढचा २ असला की त्यात बनणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. सीनियरलाही तिथेच पाठवा.