मदत हवी आहे: सीडी 100 चा चिमटा नट आवळल्यावर ताठ होतोय, बुश बरोबर बसलेत का?

नमस्कार मंडळी,

वडिलांची हिरो होंडा सीडी 100 आहे, 1991 चं मॉडेल. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन वाढवावी लागते, ती तारीख जवळ आली आहे. त्याआधी फ्रेम आणि चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग) दोन्हींना पावडर कोटिंग करून घेतलं आणि आता मागची बाजू घरीच जोडतोय. ही गाडी भंगारात द्यायची नाही हे घरात ठरलेलं आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट नीट समजून मगच पुढे जायचंय.

चिमट्याच्या बोल्टभोवती बसणाऱ्या जुन्या बुशांचं रबर पार सुटलं होतं. आतली नळी एका बाजूला सरकलेली, त्यामुळे वळणावर गाडी मागून डुलायची. नवे बुश कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडे प्रेसवर दाबून घेतले. दोन्ही बाजूंची कड समपातळीत आहे. चिमट्याचा लांब बोल्ट गंजला होता, तोही नवा घातला.

अडचण अशी की नट सैल असताना चिमटा सहज वर-खाली होतो, पण आवळला की ताठ होतो. जोर लावून उचलला तर थोडा वर येतो आणि सोडल्यावर आपोआप जुन्या जागी जातो. आडवा खेळ, म्हणजे बाजूला हलणं, अजिबात नाही. शॉकअप अजून लावलेले नाहीत. शेजारच्या एका दादांचं म्हणणं, बुश चुकीचे आहेत, आतून घासून मोकळे करून ग्रीस भर. मला ते पटत नाही, पण खात्रीही नाही. ताठ चिमट्यावर गाडी चालवली तर शॉकअपना काम करता येईल का?

दुसरं म्हणजे, एका शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसतंय, दुसरा कोरडा आहे. एकच बदलला तर चालेल का?

प्रतिसाद: दोनचाकी

बुश घासू नका, तुमचे बुश बरोबर बसलेत. आडवा खेळ नाही हे तुम्ही तपासलंत, तीच खरी परीक्षा.

हे फिरणारे बुश नाहीत. बाहेर लोखंडी कवच, आत नळी आणि मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर. नट आवळला की आतली नळी फ्रेमशी घट्ट धरली जाते, बाहेरचं कवच चिमट्यात घट्ट असतं, आणि चिमटा हलतो तो फक्त रबर पिळलं जाऊन. म्हणूनच तो स्वतःहून परत येतो. शॉकअपच्या स्प्रिंगपुढे हा विरोध फार कमी, त्यामुळे ती काळजी सोडा. रबराला ग्रीस लावायचं नाही, तेलाने ते फुगतं. ग्रीसचा पातळ हात फक्त बोल्टला द्या, म्हणजे तो पुन्हा नळीत गंजून अडकणार नाही.

आता महत्त्वाचं. चिमट्याचा नट आत्ता पूर्ण आवळून ठेवू नका. चिमटा खाली लोंबकळत असताना आवळलात तर रबराची सरळ स्थिती तीच ठरते. मग गाडी चाकावर आली की रबर कायम पिळलेलं राहणार, खड्ड्यात आणखी पिळणार आणि लवकर फाटणार. आधी शॉकअप आणि चाक लावा, गाडी मेन स्टँडवरून उतरवा, एकाला सीटवर बसवा आणि मग शेवटचं आवळा. बऱ्याच गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर असतानाच आवळतात आणि नवे बुश टिकत नाहीत म्हणून मालाला दोष देतात.

आणखी एक: फ्रेमवर जिथे बुशची नळी आणि वॉशर टेकतात तिथला कोटिंगचा थर खरवडून काढा. दाबाखाली तो पुढे चेपतो आणि नट सैल पडतो. थोडं चालवल्यावर नट पुन्हा तपासाच.

प्रतिसाद: सांगलीकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. शॉकअप जोडीनेच बदला. एकाचं तेल गेलं की तो त्या बाजूचा धक्का आवरत नाही, चिमट्याला पीळ बसतो आणि नव्या बुशांवरच ताण येतो. नवी जोडी घेताना वरच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर जुन्याशी ताडून पाहा. जुने शॉकअप घरी खोलायला जाऊ नका. स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर इजा होते.

चाक बसवताना ब्रेक पॅनेलची (ब्रेक शू बसवलेल्या ताटलीची) आडवी पट्टी चिमट्याला जोडायची विसरू नका आणि तिची कॉटर पिन नवी टाका. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच पूर्ण पॅनेल चाकाबरोबर फिरतं आणि चाक अडकतं. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नट सैल केला. फ्रेमच्या आतल्या बाजूला कोटिंगचा जाड थर होताच, तो खरवडून कडेला थोडं ग्रीस लावलंय. शॉकअपची जोडी आणायला उद्या जातोय.

एक राहिलं. या गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर आहे. त्याचा खालचा भाग चाकाआधी चिमट्यावर अडकवून ठेवायचा की चेन ताणून झाल्यावर? कुणी स्वतः जोडलं असेल तर कृपया क्रम सांगा, फोटो असेल तर फारच बरं होईल.