रोआल्ड डालची पुस्तकं चौथीतल्या पोरीला वाचू द्यावीत का?

विश्रामबागची आई:
नमस्कार, सांगलीतून लिहितेय. पोरगी चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. तिच्या मावसबहिणीने रोआल्ड डाल या मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रजी लेखकाची पुस्तकं दिलीत आणि आता जेवताना पण पुस्तक खाली ठेवत नाही, त्याचा मला आनंदच आहे. पण परवा 'जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन' मोठ्याने वाचत होती, त्यात तो पोरगा खाष्ट आजीला धडा शिकवायला शाम्पू, रंग, जनावरांची औषधं असलं सापडेल ते पातेल्यात उकळून पाजतो, शेवटी आजी लहान लहान होत गायबच होते आणि घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पोरगी खदाखदा हसत होती आणि सासूबाई शेजारीच शेंगा फोडत बसलेल्या. काही बोलल्या नाहीत, सूप उचलून आत गेल्या. मला फार लागलं ते. काय करू, काढून घेऊ का पुस्तकं?

वाईचे मास्तर:
ताई, काढून घेऊ नका. आपली चिऊताई भिजलेल्या कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवते, ती गोष्ट आपण पोरांना भरवताना सांगतोच की, आणि पोरं टाळ्या पिटतात. वाईट वागला त्याला भाजलं, एवढाच हिशोब असतो त्यांचा. डालला तो हिशोब पक्का ठाऊक होता. 'बॉय'मध्ये त्याने स्वतःच्या लहानपणाचं लिहिलंय, वेल्समधल्या लँडाफ गावात १९२४ ला मित्रांबरोबर गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातल्या बरणीत मेलेला उंदीर टाकला म्हणून हेडमास्तरने छडीने मारलं, आणि ती दुकानदार बाई तिथंच बसून अजून जोरात मारा म्हणून ओरडत होती. आईने रात्री वळ बघितले आणि तडक हेडमास्तरकडे गेली. त्याच्या पुस्तकातली मोठी माणसं एवढी दुष्ट का असतात ते हे वाचल्यावर कळतं. मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा एरवी मागे गप्प बसणारी पोरं पुढे सरकून बसतात.

तासगावचा शेतकरी:
गोष्टीचं राहू दे ताई, पण त्या पुस्तकात सुरुवातीलाच इशारा दिलाय की हे घरी करून बघू नका, तो पोरीला आधी वाचायला लावा. आमच्यात द्राक्षाच्या फवारणीचे डबे घरातच असतात, ते आम्ही कुलपात ठेवतो. पोरं खेळत खेळत काय कालवतील नेम नाही.

मिरजकर:
मी थोडं वेगळं म्हणतो. लेखक भारी आहे पण डोक्यावर घेऊ नका. १९८३ च्या एका मुलाखतीत ज्यूंबद्दल अतिशय वाईट बोललाय, त्याबद्दल त्याच्या कुटुंबाने २०२० मध्ये माफी मागितली. शिवाय जाडं, कुरूप म्हणजे वाईट असं त्याच्या पुस्तकात बऱ्याचदा येतं, प्रकाशकाने २०२३ ला असले शब्द बदलले तर एवढा गदारोळ झाला की जुनी आवृत्ती पण चालू ठेवावी लागली. शब्द बदलू नयेत असंच मला वाटतं, पण वाचताना शेजारी बसून बोलायला पाहिजे.

हरिपूरची वाचक:
ताई, सासूबाईंसाठी सांगते, 'द विचेस' काढा. जॉर्जचं पुस्तक १९८१ चं आणि हे १९८३ चं, दोनच वर्षांत त्याने अशी आजी लिहिली की काय सांगू. नॉर्वेची म्हातारी, सिगार ओढणारी, चेटकिणींची खडान्‌खडा माहिती असलेली, आईबाप गेलेल्या नातवाला सांभाळते. चेटकिणी पोराला उंदीर करून टाकतात आणि तो शेवटपर्यंत उंदीरच राहतो. मग तो विचारतो मी किती वर्षं जगेन, आजी म्हणते साधारण नऊ, आणि आजी शहाऐंशीची, तर तो म्हणतो बरं झालं, तुझ्यानंतर मला दुसऱ्या कुणी सांभाळलेलं नको. हे लिहिणाऱ्या माणसाची सात वर्षांची पोरगी ओलिव्हिया १९६२ ला गोवराने गेली होती, गोवरावर लस यायच्या आधी. पुढे १९८६ ला त्याने आईबापांनी मुलांना लस द्यावी म्हणून पत्र लिहिलं. त्याला मरण म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको होतं.

विश्रामबागची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'विचेस' आहे तिच्याकडे, रविवारी आजीला मराठीतून सांगत सांगत वाच म्हणते. डब्यांचं पण बरं सांगितलंत दादा, फिनेल-ॲसिड सगळं आजच वरच्या फळीवर ठेवते. उंदराचं ते पान मात्र मी आधी एकटीने वाचून घेणार आहे.