शाळेची घरपट्टी वाढली आणि वाचनशिक्षिका गेल्या. न्यू जर्सीतल्या आपण घरमालकांनी जाब विचारायचा की नाही?

घरपट्टीदार (मध्य न्यू जर्सी)

मंडळी, १ मेचा हप्ता भरायला बिल काढलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. बिलावर काउंटी, टाउनशिप, लायब्ररी, ओपन स्पेस अशा ओळी असतात, पण सगळ्यात मोठा आकडा शाळेचा. माझ्या १३,६०० डॉलरपैकी ७,९०० शाळेला जातात. हे फक्त माझंच नाही. २०२४ साली राज्यातलं सरासरी बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांचा आहे.

मला शाळेसाठी पैसे द्यायचे आहेत, हे आधी सांगतो. याच शाळांसाठी आम्ही या गावात घर घेतलं. पण यंदा लेव्ही, म्हणजे शाळांसाठी गावातून गोळा होणारी एकूण घरपट्टी, ३.४ टक्क्यांनी वाढतेय आणि कपातीच्या यादीत आहेत तीन वाचनशिक्षिका आणि चौथीचा व्हायोलिनचा वर्ग. माझी धाकटी दुसरीत 'बी' आणि 'डी' मध्ये गोंधळायची. यांपैकीच एका बाईंनी तिला आठवड्यातून तीनदा छोट्या टेबलाशी बसवून, वाळूत अक्षरं गिरवून घेऊन वाचायला लावलं. त्या बाई आता जाणार.

माझा मुद्दा असा आहे. या तिघींना २०२१ मध्ये कोविडच्या केंद्रीय मदतीतून नेमलं होतं. ते पैसे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच खर्चाला बांधून घेता येणार होते, हे गावातल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे एकदाच येणाऱ्या पैशातून कायमची गरज भागवली. पैसा आटल्यावर कात्री लागली ती वर्गात. शाळांच्या प्रशासनाच्या सेंट्रल ऑफिसमध्ये मात्र याच चार वर्षांत दोन जागा वाढल्या. बोर्डाच्या मार्चच्या मीटिंगला मी हेच विचारलं. तीन मिनिटं मिळतात, समोरचा दिवा लाल झाला, आणि उत्तर आलं, "नोंद घेतली आहे."

आयईपीवाल्या मुलाची आई

घरपट्टीदार, तुमच्या लेकीच्या बाई जाताहेत याचं मलाही वाईट वाटतं. पण 'सेंट्रल ऑफिसमधल्या वाढीव जागा' म्हटलं की मला धडकी भरते, कारण त्यातली एक जागा कुठली ते मला माहीत आहे. ती स्पेशल सर्व्हिसेसची, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांच्या विभागाची, सुपरवायझर आहे.

माझ्या मुलाला आयईपी आहे, म्हणजे विशेष गरजांच्या मुलासाठी आखलेला वेगळा शिक्षण-आराखडा. तो तीन वर्षं गावाबाहेरच्या खाजगी शाळेत जायचा. सकाळी ६:४० ला दारात व्हॅन आणि पन्नास मिनिटांचा प्रवास. तो व्हॅनमध्ये झोपायचा आणि शाळेत पोचेपर्यंत चिडलेला असायचा. त्या शाळेची फी आणि व्हॅनचं भाडं आपलंच स्कूल डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) भरत होतं. एका मुलाचा वर्षाचा खर्च ५५,००० डॉलरच्या वर गेला की त्यातला काही भाग राज्य परत देतं, सगळा नाही. ही सुपरवायझर आली, गावातल्याच शाळेत वर्ग उभा राहिला, आणि माझ्या मुलासकट आणखी काही मुलं परत आली. आता तो शेजारच्या पोरांबरोबर चालत जातो. कागदावर तुम्हाला एक ॲडमिनिस्ट्रेटर दिसतो. वाचलेली फी दुसऱ्याच पानावर असते.

आणखी एक. १९७५ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक मुलामागे, देशात एका विद्यार्थ्यावर होणाऱ्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्राने द्यायची होती. आज त्याच्या निम्मेही येत नाहीत. उरलेला भार तुमच्या-माझ्या बिलावर पडतो. राग त्यावर काढा.

चौथीची शिक्षिका

मी शेजारच्या काउंटीत शिकवते, तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये नाही. वाढीव ३.४ टक्के कुठे गेले, असं सगळेच विचारतात. लेव्ही वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू नये ही मर्यादा २०१० च्या कायद्याने आली. पण आरोग्यविम्याची वाढ काही प्रमाणात तिच्या बाहेर धरता येते, आणि गेली काही वर्षं विम्याचे हप्ते फार चढलेत. दोन टक्क्यांच्या वरचा भाग बहुधा तिथे गेला असेल. शिक्षकांचं पेन्शन राज्य भरतं, ते या बजेटात येतच नाही. तरी दर वर्षी कुणीतरी माइकवर उभं राहून आमच्या पेन्शनवर बोलतं.

१५ मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. चार वर्षं पूर्ण होऊन टेन्युअर (कायम नोकरी) मिळेपर्यंत पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही, याचं पत्र त्या तारखेपर्यंत येतं. मला दोनदा 'नाही' असं आलं. एकदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात परत बोलावलं, तेव्हा वर्ग आवरून पुस्तकांची खोकी मी गाडीत भरली होती. घरपट्टीदार, तुमच्या गावात कायम शिक्षकांपर्यंत कपात गेली तर तिथे ज्येष्ठता चालते. कोण चांगलं शिकवतं हा प्रश्नच येत नाही.

मुलं कॉलेजात गेली

मी यातल्या कुणाशीच सहमत नाही. माझी दोन्ही मुलं बाहेर पडली, तरी मी दर तिमाहीला तेवढेच भरतो. मूळ रोग वेगळा आहे. एवढ्याशा राज्यात ५६४ गावं आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट. प्रत्येक डिस्ट्रिक्टला आपापला सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी), बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर, वकील. सुपरिंटेंडंटच्या पगारावर २०११ मध्ये मर्यादा घातली होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. आपल्याकडे एका जिल्हा परिषदेत हजारो शाळा चालतात. इथे चार शाळांचं वेगळं संस्थान कशाला? डिस्ट्रिक्ट एकत्र करा, तीन काय दहा वाचनशिक्षिका परवडतील.

आयईपीवाल्या मुलाची आई

काका, तुमची मुलं शाळेत होती तेव्हा ज्यांना मुलंच नव्हती ते भरत होते. तुमच्या घराची किंमतही इथल्या शाळांच्या नावावर उभी आहे. आणि जिल्हा परिषदेचं उदाहरण देऊ नका. माझी आई तिथेच शिकवायची. शाळेच्या छपराचा कागद तालुक्याहून जिल्ह्याला जाऊन परत येईपर्यंत दोन पावसाळे निघून जायचे. इथे निदान बोर्डाचा माणूस किराणा दुकानात भेटतो.

घरपट्टीदार (मध्य न्यू जर्सी)

ताई, सुपरवायझरबद्दल मी चुकलो. तुमचं वाचल्यावर काल रात्री 'यूझर फ्रेंडली बजेट' उघडून बसलो. ते प्रत्येक डिस्ट्रिक्टला आपल्या साइटवर टाकावंच लागतं. बाहेरच्या शाळांच्या फीची ओळ दोन वर्षांत खरंच खाली आलीय. ती जागा माझ्या आक्षेपातून वगळतो.

पण दुसऱ्या जागेवर ठाम आहे. ती असिस्टंट सुपरिंटेंडंटची आहे. पटसंख्या ५,२०० वरून ४,८०० वर आली आणि त्याच काळात ही नवी जागा निघाली. तिच्या पगारात आणि विम्यात दोन नव्या शिक्षिका सहज बसतात. माझ्या मते आधी ही जागा जायला हवी होती.

काकांना एवढंच सांगतो, एकत्रीकरण होईल तेव्हा होईल. माझी मुलगी तोवर पाचवीत गेलेली असेल. सप्टेंबरात पहिलीत येणाऱ्या पोराला वाचायला आत्ता शिकवायचंय. आणि २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक गावांनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली, त्यामुळे मर्यादेत बसणारं बजेट आपल्या मताला येतच नाही. येत्या मंगळवारची बोर्डाची बजेट-सुनावणी सोडली तर बोलायला जागा नाही.

चौथीची शिक्षिका

मग तिथे फक्त "ॲडमिन कमी करा" म्हणू नका, त्याला उत्तर तयार असतं. राज्याचं शिक्षण खातं दर वर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च छापतं. वर्गातले पगार, ॲडमिनिस्ट्रेशन, वकिलांची फी, सगळं वेगवेगळं. तुमच्याएवढ्या पटाची डिस्ट्रिक्ट निवडा आणि ॲडमिनिस्ट्रेशनचा आकडा शेजारी शेजारी मांडा. दोन पानं, बोर्डाच्या प्रत्येक सदस्यासाठी एक प्रत. वाचनाचा प्रश्न वेगळा विचारा: तिघी गेल्यावर त्यांच्याकडची मुलं कुणाकडे जाणार, आणि आठवड्यातून किती वेळा? याला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं.

आयईपीवाल्या मुलाची आई

असिस्टंट सुपरिंटेंडंटचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. त्या बाई नक्की काय काम करतात ते आधी विचारू. पण वाचनशिक्षिकांसाठी मी येते, आणि सुपरवायझरबद्दल माझी तीन मिनिटं मी वेगळी घेईन.

घरपट्टीदार (मध्य न्यू जर्सी)

मंगळवारी साडेसातला, हायस्कूलच्या मीडिया सेंटरमध्ये. नाव लिहायचा कागद दाराशी उजवीकडे असतो. सातला आलात तर पहिल्या दहात नाव लागेल. मी प्रती काढून आणतो.