महिलांच्या धावण्याच्या वर्गाचा फ्लेक्स: फोटो कुठला, मजकूर कुठला?

मैदान_प्रमुख: नमस्कार. ३० ते ४५ वयाच्या, कधीच न धावलेल्या महिलांसाठी आमचं क्रीडा मंडळ ८ आठवड्यांचा वर्ग सुरू करतंय. प्रायोजकाने पाठवलेल्या डिझाइनमध्ये सपाट पोटाची मॉडेल आहे, डोकं फ्रेमबाहेर, खाली "आता कारणं पुरे!" समितीतल्या काहींच्या मते असं शरीर बघूनच हुरूप येतो. खरंच येतो का? बदलायचं तर नेमकं काय? फ्लेक्स १० बाय ५ फूट आहे.

क्रीडामानस: बघताना हुरूप येतो, पण नवख्या बाईला त्याची किंमतही मोजावी लागते. ऑस्ट्रेलियात टिगमन आणि झकार्डो यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थिनींच्या एका गटाला 'फिटस्पिरेशन'चे, म्हणजे व्यायामाची प्रेरणा म्हणून फिरणारे कसलेल्या शरीरांचे, फोटो दाखवले, दुसऱ्या गटाला प्रवासाचे. पहिल्या गटातल्या मुलींचं मन जास्त खट्टू झालं, स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजीही जास्त दिसली. मुळाशी होती ती मनातल्या मनात होणारी तुलना.

त्यात तुमचा वर्ग ८ आठवड्यांचा. तेवढ्यात धाप कमी लागते, झोप सुधारते, न थांबता १० मिनिटं पळता येतं. पोट मात्र फोटोतल्यासारखं होत नाही. जे हाती लागणार नाही त्याचं आमिष दाखवलं की मध्येच गळती सुरू होते.

इंग्लंडमध्ये स्पोर्ट इंग्लंडने जानेवारी २०१५ मध्ये 'धिस गर्ल कॅन' मोहीम काढली. आधी त्यांनी बायका मैदानावर का येत नाहीत हे शोधलं. लोक काय म्हणतील ही भीती सगळ्याच्या मुळाशी निघाली, आणि ती तीन प्रकारची होती: मी कशी दिसते, मला जमेल का, घरचं सोडून स्वतःसाठी वेळ काढते म्हणून नावं ठेवतील का. मग जाहिरातीत मॉडेल न घेता साध्या बायका घेतल्या. घामेजलेल्या, लालबुंद चेहऱ्याच्या, पळताना अंग हलणाऱ्या. "कारणं पुरे" हे वाक्य मात्र त्या भीतीला आळस ठरवतं. ते आधी काढा.

लेन्स_८५: फोटोबद्दल. डोकं कापलेलं धड अजिबात नको. चेहरा असला की नजर पोटावरून उठून त्या बाईकडे जाते. दोघी-तिघी सोबत पळताना घ्या, वेगवेगळ्या बांध्याच्या, एखादी पंजाबी ड्रेस आणि बुटांत. लेन्स ८५ एमएमच्या आसपास, कॅमेरा छातीच्या उंचीवर. मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं तर कडेचे दंड-मांड्या ताणल्या जातात. शटर १/८०० सेकंद किंवा जलद. सूर्योदयानंतरच्या तासाभरातलं ऊन मऊ असतं. बाजूने येणारा कडक प्रकाश स्नायू कोरून दाखवतो, जिमच्या जाहिरातींत तो मुद्दाम वापरतात. रंग आणि उजेड सुधारा, पण फोटोशॉपच्या लिक्विफाय टूलने कंबर आत घेऊ नका. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार बदलला तर तसं लेबल लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

छपाईला मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ती दाबली जाते आणि १० फुटी फ्लेक्सवर चेहरे फुटतात.

कबड्डी_कोच: थोडा मतभेद. कसलेलं शरीर दाखवणं मुळात वाईट नाही. नायकीच्या २०१६ च्या भारतातल्या जाहिरातीत हॉकीची राणी रामपाल, स्क्वॉशची जोशना चिनप्पा आहेत आणि ती बघून अंगात वीज संचारते, कारण ती शरीरं काहीतरी करताना दिसतात. स्पर्धेच्या तयारीचा वर्ग असता तर मी खेळाडूच घेतली असती. पहिल्यांदा बूट घालणाऱ्या बाईला मात्र तिच्यासारखीच कुणीतरी दिसली पाहिजे.

मैदान_प्रमुख: प्रायोजक आता 'आधी-नंतर' अशी जोडी घ्या म्हणतोय.

लेन्स_८५: नका घेऊ. ती जोडी एका दिवसातही तयार होते. 'आधी'ला समोरून सपाट प्रकाश, पोट सैल, खांदे पडलेले. 'नंतर'ला वरून प्रकाश, श्वास आत, अंगाला तेल, शूटच्या आधी थोडे जोर. कळणाऱ्याला ते लगेच कळतं आणि मंडळाचं नाव जातं.

क्रीडामानस: त्याऐवजी मथळा असा: "८ आठवड्यांत न थांबता १० मिनिटं पळा. सुरुवात चालण्यापासून." खाली त्या तीन भीतींची उत्तरं: कपडे कोणतेही चालतील, प्रशिक्षक महिला, स्वच्छतागृह आहे, मुलांना आणलं तरी चालेल, सकाळी ६ ते ६:४५. जे खरोखर आहे तेवढंच लिहा. १० फुटांवरून वाचायला साधारण १ इंच अक्षर लागतं, म्हणजे रस्त्यापलीकडून ६० फुटांसाठी ६ इंच. मात्रा-वेलांट्यांमुळे थोडं मोठंच ठेवा.

छापण्याआधी कच्चं डिझाइन वस्तीतल्या आठ-दहा बायकांना दाखवा. "आवडलं का?" विचारलं तर सगळ्या हो म्हणतील. "हे कुणासाठी आहे असं वाटतं?" आणि "यायचं ठरवलं तर काय अडेल?" हे विचारा. "माझ्यासारखीसाठी नाही" असं दोघी-तिघींनी म्हटलं तरी फोटो बदला.

लेन्स_८५: आणि फोटोतल्या प्रत्येकीची लेखी परवानगी घ्या, मराठीत: फ्लेक्स, वर्तमानपत्र की फेसबुक, आणि कधीपर्यंत. प्रायोजकाला तोच फोटो त्याच्या मालाच्या जाहिरातीत वापरता येणार नाही, हेही त्यातच लिहून घ्या.