शब्दचर्चा : बुशशर्टमधला ‘बुश’ म्हणजे काय? (आणि युद्धाने शिवलेले इतर शब्द)

धागाकर्ता : पानवेल

जुन्या मराठी कथांत ‘बुशशर्ट’ आणि ‘बुशकोट’ हे दोन्ही शब्द भेटतात. बोलताना दोन श एकमेकांत मिसळतात आणि ‘बुशर्ट’ एवढंच ऐकू येतं, त्यामुळे लेखनातही ‘बुश्शर्ट’, ‘बुशर्ट’ अशी रूपं दिसतात. माझे प्रश्न तीन. यातला ‘बुश’ कुठला? बुशशर्ट आणि बुशकोट एकच की वेगळे? आणि ‘शर्ट’ हा शब्द हाताशी असताना या कपड्याला वेगळं नाव का लागलं?

खाचबटण

‘बुश’ म्हणजे झाडी, रान. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजीत मोकळ्या, वस्तीबाहेरच्या मुलखाला हा शब्द वापरतात. तिथे घालायचं सुती जाकीट ते ‘बुश जॅकेट’. चार खिसे, कमरेला त्याच कापडाचा पट्टा, खांद्यावर पट्ट्या आणि उघडी कॉलर, असं त्याचं रूप. हलक्या कापडाचं तेच ‘बुश शर्ट’.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिवणीत आहे. साध्या शर्टाचा खालचा काठ गोल असतो, पुढेमागे लांब आणि बाजूंना वर चढलेला, कारण तो विजारीत खोचायचा असतो. खोचलेल्या कापडाचा चोळामोळा बाजूला होऊ नये म्हणून तिथलं कापड कमी केलेलं असतं. बुशशर्ट बाहेर सोडायचा, म्हणून काठ सरळ आणि बाजूंना तीन-चार इंचांची चीर. ही चीर नसेल तर बसताना शर्ट कुल्ल्यांवर अडकतो आणि पुढून फुगतो. कॉलरही वेगळी. साध्या शर्टाला गळ्याभोवती उभी पट्टी आणि तिच्यावर कॉलर असते, बुशशर्टाला उभी पट्टी नसते, कॉलर छातीवर सपाट उलगडते. नावं दोन पडली ती बेतणी दोन आहेत म्हणून.

हिरवाचुना

खाचबटण यांनी बेतणी नेमकी सांगितली. बुशशर्ट हिंदुस्थानात इतका पसरला, यामागे ब्रह्मदेशाची आघाडी आहे.

दुसऱ्या महायुद्धात इथल्या फौजांना ‘एअरटेक्स’ या जाळीदार विणीच्या सुती कापडाचे बुशशर्ट मिळू लागले. कापडातली बारीक छिद्रं हवा धरून ठेवतात आणि घामही वाळू देतात. शर्ट बाहेर सोडल्याने खालून वारा खेळतो. दमट रानात खोचलेला शर्ट कमरेशी ओला राहतो आणि पट्ट्याखाली कातडी सोलवटते, म्हणून बाहेर सोडणं ही तिथे गरजच होती.

रंगाचाही मुद्दा आला. खाकी वाळवंटात लपवते, हिरव्या रानात उठून दिसते. त्यामुळे आधी खाकीच कपडे हिरव्या रंगात बुडवून काढले गेले आणि 1943 पासून ‘जंगल ग्रीन’ कापड वाटपात आलं. आपल्याकडे आजही दुकानात ‘मिलिटरी रंग’ मागितला की काही जण खाकी काढतात, काही जण गडद हिरवा. त्या शब्दाचे दोन अर्थ त्या बदलापासून सोबत चालत आले आहेत, असं मला वाटतं.

पानवेल

मग ‘खाकी’चा अर्थ तरी एकच आहे का?

हिरवाचुना

नाही, आणि मला या धाग्यात सर्वांत बोलावंसं वाटतं ते याच शब्दाबद्दल.

मूळ फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत ‘जळून खाक’ म्हणताना आपण राख या अर्थी तो वापरतो. सैनिकाच्या कितीतरी आधी हा शब्द वैराग्याचा होता. रामानंदी परंपरेत अंगाला भस्म फासणाऱ्या एका शाखेला ‘खाकी’ म्हणतात. गणवेशाशी त्याचा संबंध 1846 नंतरचा. पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि मातीच्या रंगाचे कपडे दिले. 1857 च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, चिखल, मिळेल त्यात बुडवले. त्या काळी खाकी म्हणजे एक ठरलेली छटा नव्हती. जे कापड धुळीत मिसळून जाईल ते खाकी.

पुढे छटा ठरल्या, पण प्रत्येक देशात वेगळ्या. ब्रिटनचा दुसऱ्या महायुद्धातला लोकरी ‘बॅटलड्रेस’ हिरवट तपकिरी होता आणि त्यालाही खाकीच म्हणत. अमेरिकी सैन्यात खाकी म्हणजे उन्हाळी सुती कापडाचा फिकट वाळूचा रंग, आणि लोकरी कपड्याच्या रंगाला ‘ऑलिव्ह ड्रॅब’ हे स्वतंत्र नाव. युद्धानंतर परतलेले अमेरिकी सैनिक 1944 च्या कायद्याने मिळालेल्या सवलतीवर कॉलेजात गेले ते याच सुती विजारी घालून. तिथे ‘खाकीज’ हे रंगाचं नाव राहिलं नाही, विजारीचं झालं. मराठीत मात्र खाकी हे विशेषण रंगाला चिकटून राहिलं आणि तिथून पोलिसावर गेलं : ‘खाकीतला माणूस’. भाषांतर करणाऱ्यांनी इथे जपावं. अमेरिकी मजकुरातला ‘खाकी घातलेला विद्यार्थी’ मराठीत तसाच आणला तर वाचकाला एनसीसीचा कॅडेट दिसतो. तिथे ‘फिकट सुती विजार’ लिहावं.

खाचबटण

त्या विजारीचं दुसरं नाव ‘चिनो’. स्पॅनिशमध्ये चिनो म्हणजे चिनी. फिलिपाइन्समधल्या अमेरिकी फौजेच्या कापडाशी हे नाव जोडलं जातं. कापड ट्विल विणीचं, म्हणजे तिरप्या रेघेचं, आणि युद्धकाळातलं प्रमाण वजन चौरस यार्डाला 8.2 औंस. आज चिनो म्हणून विकलं जाणारं कापड पुष्कळदा याहून हलकं असतं. ते गुडघ्याला लवकर फुगतं आणि इस्त्रीची घडी धरत नाही.

दोनधागी

ब्रिटनमधले दोन शब्द मराठी लेखांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात : ‘युटिलिटी’ आणि ‘ऑस्टेरिटी’. ते वेगळे आहेत.

1 जून 1941 पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षाला माणशी 66 कूपनं. पुरुषाच्या सूटला 26 लागत : जाकिटाला 13, वेस्टकोटाला 5, विजारीला 8. शर्टाला 5, बुटांना 7, मोज्यांना 3, टायला 1. म्हणजे एक सूट, एक जोडी बूट आणि दोन शर्ट घेतले की 43 संपली.

‘युटिलिटी’ हा कापडाचा आणि किमतीचा दर्जा. ठरलेलं सूत, ठरलेलं वजन, बांधलेला भाव, खरेदी कर माफ आणि आत सीसी41 चं चिन्ह. कापड टिकाऊ असावं ही त्यातली अट.

‘ऑस्टेरिटी’ हे 1942 चे बेतणीवरचे निर्बंध. दुहेरी छातीचं जाकीट बंद. खिसे आणि बटणं मोजून. बाहीवरची शोभेची बटणं बंद. विजारीचा खालचा घेर 19 इंचांच्या आत आणि खालची दुमड बंद. पहिला शब्द कापडाला लागू, दुसरा कात्रीला. मराठीत मी ‘प्रमाणित कापड’ आणि ‘काटकसरीची बेतणी’ असे शब्द वापरतो.

यात दुमडीवरून सर्वांत जास्त ओरड झाली. व्यापार मंडळाचे (म्हणजे ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याचे) अध्यक्ष ह्यू डाल्टन यांनी ती बंदी टिकवली, ती 1944 च्या सुरुवातीला उठली. लोक पळवाट काढत : लांबी जास्त सांगून विजार घ्यायची आणि घरी दुमडायची.

खाचबटण

घरी दुमडलेली ओळखू येते. विजार खाली निमुळती होत जाते. शिंपी दुमड ठेवणार असेल तर घडीच्या रेषेखालचं कापड उलट, म्हणजे खाली रुंद होत जाणारं, कापतो, म्हणजे वर वळवल्यावर ते पायाच्या घेराला बरोबर बसतं. तयार लांब विजारीत घडीखालचा भाग अजून अरुंद असतो. तो वर वळवला की रुंद पायावर ताणला जातो आणि शिवणीपाशी सुरकुत्या पडतात.

वाचणाऱ्या कापडाचा हिशेबही मांडतो. पावणेदोन इंची दुमडीला बाहेरचे पावणेदोन, आतले पावणेदोन आणि शिवणीला पाऊण इंच, असे सव्वाचार इंच लागतात. साध्या काठाला दोन पुरतात. पायामागे सव्वादोन इंच, जोडीला साडेचार. एका विजारीत हे क्षुल्लक, कोट्यवधी विजारींत नाही. दुमड काढल्याचा तोटा हा की तिच्या वजनाने विजार सरळ लोंबते, ते जातं. हलक्या कापडाची साधी विजार चालताना नडगीला चिकटते.

या भागाला मराठीत ‘कफ’ म्हणू नये, असं माझं मत. आपल्या शिवणकामात कफ हा बाहीचा. पायाची ती ‘दुमड’.

पानवेल

दोनधागी, तुमचं ‘प्रमाणित कापड’ वाचून आपला ‘कंट्रोल’ आठवला. त्याचा याच्याशी धागा जुळतो का?

दोनधागी

काळ तोच, कारणही बरंचसं तेच. गिरण्यांचा माल सैन्याकडे वळला, बाजारात कापड आटलं, भाव चढले. जून 1943 मध्ये सुती कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि मुंबईत वस्त्र आयुक्त नेमले गेले. मराठीने ‘नियंत्रण’ घेतलं नाही, ‘कंट्रोल’ घेतला आणि त्याला षष्ठी लावली : कंट्रोलचं धोतर, कंट्रोलची साखर. पुढे ‘कंट्रोलात मिळतं’ म्हणताना तो दुकानाचा अर्थ घेऊन उभा राहिला. ज्या भाषेतून आला तिथे हा अर्थ नाही, म्हणून मी त्याला मराठी शब्दच मानतो.

अर्थाचा कल मात्र उलटा गेला. ब्रिटनमध्ये युटिलिटीचं चिन्ह बऱ्यापैकी टिकाऊपणाची खूण ठरलं. आपल्याकडे ‘कंट्रोलचं’ म्हणजे जाडंभरडं. 1964 नंतरच्या योजनेत गिरण्यांना धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल असे साधे प्रकार बांधलेल्या भावात विणावे लागत, त्यामुळे तो अर्थ पुढच्या पिढीतही पक्का झाला. 1943 च्या संदर्भात हा शब्द वापरताना नंतरची ही छटा नकळत आत शिरते, तेवढं सांभाळावं.

हिरवाचुना

एक जोड. मी वर सांगितलेल्या ‘बॅटलड्रेस’मधून नागरी कपड्यात आलेला भाग म्हणजे मांडीवरचा खिसा. डाव्या मांडीवर नकाशाचा मोठा, उजवीकडे वर मलमपट्टीचा लहान. 1942 च्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या विजारीला दोन्ही मांड्यांवर मोठे खिसे होते. छत्री उघडताना बसणाऱ्या हिसक्याने भरलेले खिसे फाटत, म्हणून त्यांना जादा कापडाचे जोड आणि मांडीभोवती बांधायच्या नाड्या लावल्या गेल्या. आजच्या कार्गो विजारीवर लोंबणाऱ्या नाड्या त्या घराण्यातल्या.

पानवेल

आणि बुशकोट?

खाचबटण

तो राहिलाच. सैन्यात जाकीट आणि शर्ट दोन्ही होते, म्हणून मराठीत बुशकोट आणि बुशशर्ट दोन्ही आले. नागरी वापरात आधी पट्टा गेला, कारण त्यावर अडकवायला काही नव्हतं. मग खांद्याच्या पट्ट्या गेल्या आणि खालचे दोन खिसे गेले. एवढं गेल्यावर जाकीट आणि शर्टात फरक उरला नाही, आणि दोन्ही शब्द एकाच कपड्याला लागू झाले. 1970 च्या दशकात चार खिसे आणि पट्ट्या परत आल्या तेव्हा ते नाव रिकामं नव्हतं, म्हणून ‘सफारी’ आला. कोशात नोंद करायची तर मी अशी करेन : बुशकोट, पुल्लिंगी, सरळ काठाचा, उघड्या कॉलरचा, विजारीबाहेर घालायचा सदरा, मूळ अर्थ, चार खिशांचं, कमरेला पट्टा असलेलं सुती जाकीट.

पानवेल

नोंद उतरवून घेतली. ‘बुशर्ट’ हे रूप मी त्याच नोंदीत उच्चारी रूप म्हणून ठेवतो, वेगळी नोंद करत नाही.